आडवाटेवरची मोटारसायकल आणि तिचे आघातशोषक

बैलगाडीचें चाक दगडावर चढलें कीं गाडीवानाचें अंगही तितकेंच वर उडत असे. टांग्याला पोलादी कमानी आल्या आणि तोच दगड बैठकीपर्यंत पोंचतां पोंचतां निम्मा झाला. चाक आणि बैठक यांच्यामध्यें कांहींतरी लवचिक असावें, म्हणजे रस्त्याचा राग प्रवाशावर निघत नाहीं, हें मनुष्याला फार पूर्वींच उमगलें होतें. मोटारसायकलीच्या बाबतींत मात्र या साध्या तत्त्वाला निराळेंच महत्त्व आहे. चारचाकी गाडींतला धक्का ही बहुधा नुसती गैरसोय असते. पण दोन चाकांवर तोल सांभाळीत खाचखळग्यांतून, नदीच्या गोट्यांवरून किंवा भुसभुशीत मातींतून जाणाऱ्या स्वाराला तोच धक्का जमिनीवर आपटूं शकतो. तेथें आघातशोषक हें सुखाचें साधन नसून सुरक्षिततेचें साधन होय.

शहरांतील पुष्कळ तरुण हल्लीं सुटीचा दिवस साधून घाटवाटा, माळरानें आणि जंगलांतल्या गाडीवाटा धुंडाळूं लागले आहेत. त्यांना लागणाऱ्या कांहीं गाड्या आतां देशांतच तयार होतात. हिरो कंपनीची एक्सपल्स २०० ही गाडी २०१९ सालीं बाजारांत आली. २०२३ सालीं तिचा जो 'प्रो' नांवाचा प्रकार निघाला, त्याच्या पुढच्या चाकाला २५० व मागच्या चाकाला २२० मिलिमीटर वरखालीं होण्याची मुभा असून दोन्हीकडचे आघातशोषक स्वाराला हवे तसे लावून घेतां येतात. पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत केटीएम जातीच्या गाड्या बनतात. त्यांतील कांहींनाही ही सोय आहे. परंतु सोय असणें निराळें आणि तिचा उपयोग करणें निराळें. कित्येक स्वार हे स्क्रू एकदांही फिरवीत नाहींत. कांहीं जण ते इतके फिरवितात कीं मूळ स्थिति कोणती होती हेंही त्यांस आठवत नाहीं. मग मुलगा पडला म्हणजे वडील मंडळी त्याच्या धाडसाला दोष देतात आणि तो स्वतः आपल्या कौशल्याला दोष देतो. गाडी मुळांत दुसऱ्याच वजनाच्या माणसासाठीं लावलेली असेल, ही शंका कोणाच्याच मनांत येत नाहीं. वास्तविक युरोपांत बनणाऱ्या स्पर्धेच्या बऱ्याच गाड्या साधारण ७५ ते ८५ किलो वजनाचा स्वार गृहीत धरून कारखान्याबाहेर पडतात. ५८ किलोच्या मुलाला किंवा मुलीला ती गाडी जशीच्या तशी मानवावी, अशी अपेक्षा करणें म्हणजे एकाच मापाचा अंगरखा साऱ्या घराला घालण्यासारखें आहे.

या यंत्रणेचा इतिहास थोडक्यांत पाहण्यासारखा आहे. १९२४ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडांत सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें आडरानांतील शर्यत झाली. मोटोक्रॉस या खेळाचा उगम तेथें मानतात. त्या काळच्या गाड्यांना मागच्या बाजूस बहुधा स्प्रिंगच नसे. चाक थेट सांगाड्याला जखडलेलें असे. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ सालीं एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचा व तेलानें उसळी आवरणारा पुढचा फोर्क आपल्या गाड्यांना बसविला, आणि पुढें हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. मागच्या चाकाच्या बाबतींत मोठी क्रांति झाली ती १९७३ च्या सुमारास. बेल्जियमचे अभियंते ल्युसिएन टिल्केन्स यांनी दोन बाजूंच्या दोन आघातशोषकांऐवजीं आसनाखालीं एकच लांब आघातशोषक बसविण्याची कल्पना काढली. जपानच्या यामाहा कंपनीनें ती उचलली आणि त्याच वर्षीं स्वीडनच्या हाकान आंदेर्सोन यानें अशा गाडीवर २५० सीसी वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. तोंपर्यंत मागचें चाक सुमारें १०० मिलिमीटर वरखालीं होत असे. पुढील दहा वर्षांच्या आंत स्पर्धेच्या गाड्यांत हें अंतर ३०० मिलिमीटरच्या घरांत जाऊन पोंचलें.

हें अंतर वाढल्यानें काय साधलें? क्रिकेटचा चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो, तें कां, याचा विचार केला म्हणजे उत्तर सांपडतें. चेंडूचा वेग थोड्या अंतरांत थांबविला तर तळहात सुजतो. तोच वेग जास्त अंतरांत थांबविला तर हाताला फारसें कळतही नाहीं. चाकाला जितकी अधिक मुभा, तितका प्रत्येक आघात अधिक अंतरांत विभागला जातो. मात्र हें ३०० मिलिमीटरांचें भांडवल नीट वांटून वापरलें पाहिजे. गाडी सुरुवातीलाच फार खालीं बसली तर मोठ्या खड्ड्यासाठीं कांहीं उरत नाहीं. आणि मुळीच खालीं बसली नाहीं तर वाटेंत खळगा आल्यावर चाकाला खालीं उतरून जमीन गांठतां येत नाहीं, तें हवेंतच राहतें. हवेंतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेतां येतें.

प्रत्येक आघातशोषकांत दोन निरनिराळे घटक काम करतात. एक स्प्रिंग व दुसरें तेल. स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि धक्क्याची शक्ति आपल्यांत सांठविते. परंतु ती प्रामाणिक ऋणको असल्यामुळें घेतलेलें सर्व लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालविली तर ती रबरी चेंडूसारखी उड्या मारीत राहील. म्हणून नळींत तेल भरून त्यांत दट्ट्या फिरविलेला असतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि त्यांवर बसविलेल्या पातळ पोलादी चकत्यांना वांकवून तेलाला वाट काढावी लागते. या झगड्यांत धक्क्याच्या शक्तीची उष्णता होते व ती हवेंत निघून जाते. स्प्रिंगचा संबंध वजनाशीं आहे, तेलाचा संबंध गतीशीं आहे. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे आधीं स्प्रिंगचें काम करावें व मग तेलाचें, हा क्रम आपोआप पटतो. स्प्रिंग चुकलेली असतां तेलाचे स्क्रू फिरवीत बसणें म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला रंग देणें होय.

स्प्रिंग बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची कसोटी म्हणजे गाडी भारानें किती खालीं बसते तें मोजणें. या अंतराला 'सॅग' म्हणतात. प्रथम टायरमधील हवा योग्य आहे हें पाहून घ्यावें. मग गाडी अशी टेकवावी कीं मागचें चाक अधांतरीं लोंबेल, आणि चाकाच्या आंसापासून सरळ वर मडगार्डवर केलेल्या खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. समजा, तें ६२० मिलिमीटर भरलें. आतां गाडी जमिनीवर उभी करून तेंच अंतर पुन्हां मोजावें. तें ५८५ भरलें तर गाडी स्वतःच्या भारानें ३५ मिलिमीटर बसली. हा मोकळा सॅग. शेवटीं स्वारानें शिरस्त्राण, बूट वगैरे पूर्ण पोशाख करून पायपट्ट्यांवर उभें राहावें, एकानें गाडी हलकेच धरावी व दुसऱ्यानें माप घ्यावें. तें ५१५ आलें तर स्वारासहित सॅग १०५ मिलिमीटर झाला. मागच्या चाकाला सुमारें ३०० मिलिमीटर मुभा असलेल्या गाडीला मोकळा सॅग ३० ते ४० व स्वारासहित सॅग १०० ते ११० मिलिमीटर असणें सामान्यतः योग्य समजतात. म्हणजे एकूण मुभेच्या साधारण एक तृतीयांश. कमी मुभेच्या गाडींत हे आंकडे त्याच प्रमाणांत कमी होतात, आणि नेमका आंकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेला असतो. रबरी कडीं व सांधे यांच्या घर्षणामुळें माप थोडें फसवें येतें. म्हणून एकदां गाडी वर उचलून व एकदां खालीं दाबून हळूच सोडावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी.

सॅग कमीजास्त करण्यासाठीं मागच्या आघातशोषकाच्या वरच्या बाजूस आंटे असून त्यांवर बहुधा दोन कडीं असतात. आंटे ब्रशानें स्वच्छ करून वरचें कडें सैल करावें व खालचें फिरवावें. तें खालीं नेलें कीं स्प्रिंग आधींच अधिक दाबली जाते व सॅग कमी होतो. वर नेलें कीं सॅग वाढतो. या आधींच दिलेल्या दाबाला 'प्रीलोड' म्हणतात. येथें एक मोठा गैरसमज आहे. प्रीलोड वाढविला म्हणजे स्प्रिंग ताठ झाली, असें बहुतेकांना वाटतें. तें खरें नव्हे, आणि हें थोड्या अंकगणितानें सहज दाखवितां येतें.

समजा, एका स्प्रिंगवर १० किलो भार टाकला कीं ती १ सेंटिमीटर दबते. ती आधींच २ सेंटिमीटर दाबून दोन आडण्यांमध्यें बसविली, तर पहिले २० किलो टाकेपर्यंत ती हलणार नाहीं. परंतु त्यानंतर प्रत्येक १० किलोला ती पूर्वीसारखीच १ सेंटिमीटर दबेल. म्हणजे प्रीलोडनें हालचालीची सुरुवात लांबली. ताठपणा तोच राहिला. आतां गाडीचा ६० किलो व स्वाराचा ६० किलो भार या स्प्रिंगवर येतो असें धरूं. गाडीच्या भारानें ६ सेंटिमीटर दबायचे, त्यांतले २ आधींच दाबलेले. म्हणून मोकळा सॅग ४. दोघांच्या भारानें १२ दबायचे, त्यांतून २ वजा; स्वारासहित सॅग १०. हें प्रमाण ठीक आहे.

याऐवजीं नरम स्प्रिंग घेतली, जी ८ किलोलाच १ सेंटिमीटर दबते. १२० किलोला ती १५ सेंटिमीटर दबेल; स्वारासहित सॅग १० ठेवायचा तर ५ सेंटिमीटर प्रीलोड द्यावा लागेल. मग नुसत्या गाडीच्या ६० किलोंना साडेसातांतून ५ वजा जातां मोकळा सॅग उरला अवघा अडीच. उलट १२ किलोला १ सेंटिमीटर दबणारी ताठ स्प्रिंग घेतली, तर १२० किलोला ती १० च दबेल. प्रीलोड शून्य, आणि मोकळा सॅग ५. यावरून जो नियम निघतो तो प्रथमदर्शनीं उलटा भासतो, पण अगदीं खरा आहे. स्वारासहित सॅग बरोबर लावल्यावर मोकळा सॅग फार कमी आला तर स्प्रिंग त्या स्वारासाठीं नरम आहे; मोकळा सॅग फार जास्त आला तर ती ताठ आहे. वजनदार स्वाराला पहिला अनुभव येतो, हलक्या स्वाराला दुसरा. दोहोंचाही उपाय एकच, स्प्रिंग बदलून योग्य ताठपणाची बसविणें. कडें फिरवून ही उणीव भरून निघत नाहीं.

पुढच्या फोर्कालाही हेंच तत्त्व लागू आहे. मात्र तेथें स्वारासहित सॅग साधारण ३५ ते ५० मिलिमीटर इतकाच ठेवतात, कारण ब्रेक लावतांना सारा भार पुढें येतो व त्यासाठीं अंतर राखून ठेवावें लागतें. कांहीं आधुनिक फोर्कांत पोलादी स्प्रिंगऐवजीं दाबलेली हवाच स्प्रिंगचें काम करते. तेथें कडें फिरविण्याऐवजीं पुस्तिकेंत सांगितलेल्या दाबाची हवा भरावयाची असते. पोलादी स्प्रिंगच्या फोर्कांत मात्र वापरानें आंत हवा सांचते आणि फोर्क उगाच कडक वाटूं लागतो. त्यासाठीं कांहीं गाड्यांना वरच्या टोंकाशीं छोटा स्क्रू दिलेला असतो. पुढचें चाक अधांतरीं ठेवून तो सैल केला कीं ही हवा निघून जाते.

स्प्रिंगचें काम संपलें म्हणजे तेलाकडे वळावें. तेलाला दोन बाजूंनीं आवर घालतां येतो. चाक वर चढतांना जो अवरोध होतो त्याला 'कॉम्प्रेशन' म्हणतात, व दबलेली स्प्रिंग उसळून परत येतांना जो अवरोध होतो त्याला 'रिबाउंड'. दोन्हींसाठीं छोटे स्क्रू असतात. ते फिरवितांना बोटांना 'टक्' असें जाणवतें, तीच एक 'क्लिक'. घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरविलें कीं अवरोध वाढतो, उलट फिरविलें कीं कमी होतो. कोणताही बदल करण्यापूर्वीं स्क्रू हलक्या हातानें पूर्ण आंत नेऊन क्लिक मोजाव्या व तो आंकडा लिहून ठेवावा. जोर लावून पिळूं नये. आंतील सुईसारखें टोंक व त्याची बैठक बिघडते. कांहीं फोर्कांत एका पायांत कॉम्प्रेशन व दुसऱ्या पायांत रिबाउंड अशी कामाची वांटणी असते, तेव्हां कोणता स्क्रू कशाचा हें आधीं पाहून घ्यावें.

रिबाउंडचा अवरोध कमी पडला तर दबलेली स्प्रिंग एकदम सुटते. खळग्यांतून बाहेर पडतांना मागचें चाक लाथ मारल्यासारखें वर उडतें आणि स्वार हँडलवरून पुढें फेंकला जाण्याचें भय असतें. उलट तो फार वाढविला तर निराळाच घोंटाळा होतो. पहिल्या खळग्यानें दबलेलें चाक परत येण्यापूर्वींच दुसरा खळगा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळीं गाडी थोडी थोडी खालीं बसत जाते, व शेवटीं मुभाच न उरल्यामुळें दगडासारखी कडक लागते. स्वाराला वाटतें, कॉम्प्रेशन जास्त झालें. तो तें कमी करतो, आणि गाडी आणखीच खालीं बसते. रोगाचें नांव चुकलें कीं औषध विष होतें, तशांतलाच हा प्रकार.

कॉम्प्रेशन कमी असलें तर उडीनंतर गाडी तळाशीं आदळते; जास्त असलें तर लहानसहान गोटेही मनगटांना जाणवतात. सर्वांत मोठ्या उडीला गाडीनें क्वचित् तळ गांठला तर तें चांगलें लक्षण समजावें, कारण मिळालेली मुभा सगळी वापरली गेली. फोर्काच्या नळीवर एक बारीक प्लॅस्टिकची पट्टी सैलसर बांधली, तर ती सरकून किती अंतर वापरलें तें दाखविते. मागच्या कांहीं आघातशोषकांवर कॉम्प्रेशनचे दोन भाग असतात, मंद गतीचा व शीघ्र गतीचा. ही गति गाडीची नव्हे, दट्ट्याची. ब्रेक लावतांना किंवा वळतांना गाडी सावकाश दबते, ती मंद गति. ताशीं वीस किलोमीटरनें जातांनाही चाक टोंकदार दगडावर आदळलें तर दट्ट्या झटक्यानें हलतो, ती शीघ्र गति.

पुढचें व मागचें टोंक एकमेकांपासून स्वतंत्र नाहींत. मागचा सॅग कमी करून गाडीची पाठ उंचावली तर फोर्क अधिक उभा होतो. गाडी चपळ वळते, पण वेगांत हँडल थरथरूं लागतें. पाठ खालीं बसविली तर सरळ वाटेवर ती स्थिर राहते, मात्र वळणावर पुढचें चाक बाहेर घसरूं पाहतें. फोर्काच्या नळ्या पकडींतून पांच मिलिमीटर वर सरकविल्या तरी असाच फरक जाणवतो.

म्हणून या कामांत सर्वांत मोलाचें हत्यार पाना नसून वही आहे. एकाच ओळखीच्या वाटेवर, एका वेळीं एकच स्क्रू, आणि तोही दोन क्लिकपेक्षां जास्त नाहीं, असा नेम ठेवावा. बदल लिहावा, फेरी मारावी, परिणाम लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कधींच कळत नाहीं. गाडी बिघडली असें वाटलें तर पहिल्या आंकड्यावर परत यावें. तो लिहिलेला असला म्हणजे चुकण्याचें भय राहत नाहीं. तेल तापल्यावर पातळ होतें, म्हणून थंड गाडीवरचा निष्कर्ष पक्का मानूं नये. तसेंच हें तेल कालांतरानें आपला गुण गमावतें. क्लिक कितीही फिरविल्या तरी फरक जाणवेनासा झाला, तर तेल बदलण्याची वेळ आली असें समजावें.

दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. मागच्या आघातशोषकांत पुष्कळदां वातावरणाच्या दसपट दाबाचा नायट्रोजन वायु भरलेला असतो. त्याचें झांकण घरीं खोलूं नये, तें काम जाणत्या कारागिरालाच द्यावें. दुसरें, मागचें चाक वरखालीं होतांना चेन ताणली व सैल होत असते. तिला पुस्तिकेप्रमाणें ढील ठेवली नाहीं तर कितीही उत्तम आघातशोषक असला तरी त्याला हलतांच येणार नाहीं.

२०१५ सालीं सी. एस. संतोष हे डाकार शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०२४ सालीं हरित नोआ यांनी त्याच शर्यतींत रॅली-२ हा वर्ग जिंकला. अशा पराक्रमांचें वर्णन ऐकून तरुणांना स्फुरण चढावें हें योग्यच. परंतु असल्या धांवेमागें प्रत्येक मुक्कामीं मोजलेले मिलिमीटर आणि लिहिलेल्या क्लिकही असतात, हें त्यांना कोणी तरी सांगितलें पाहिजे. घरांत अशी गाडी आली असेल तर वडील मंडळींनीं मुलाला वेगाविषयीं उपदेश करण्याआधीं एक मोजपट्टी व एक वही द्यावी, आणि माप घेतांना गाडी धरायला स्वतः उभें राहावें. अर्ध्या तासाच्या त्या कामांत उपदेशाचा अर्धा भाग आपोआप होऊन जातो.